'चार माणसांसाठी' – आणि पाचवी?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)

आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडा हशा पिकला. 'घरचा सकस स्वयंपाक आणि त्यासाठी चांगली पुस्तकं.' एक जण शेजारणीला म्हणाली, "आता इथंही स्वयंपाकच का?" तिचं बरोबर आहे. 'चूल आणि मूल' यातून बाहेर या, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि आता आपल्याच शिबिरात पाककृतींची पुस्तकं! काही वर्षांपूर्वी मला हा विषय दिला असता तर मीही नाक मुरडलं असतं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही कुपोषण शिकलो, सर्वेक्षण कसं करायचं ते शिकलो. पण एखादी बाई "ताई, आज रात्री काय शिजवू?" म्हणाली तर तिला काय सांगायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

हा प्रश्न मला खरोखरच विचारला गेला. आमच्या वस्तीतल्या बचत गटातली एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी. नवऱ्याला साखरेचा आजार निघाला. दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला, इंग्रजीत. त्यात ओट्स होते, ऑलिव्ह तेल होतं, ब्रोकोली होती, सालं काढलेले बदाम होते. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, यातलं आमच्या दुकानात मीठ तेवढं मिळतं." आम्ही दोघी हसलो. पण तिचं पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. "तुमच्याकडं पुस्तकं असतात. मला एखादं पुस्तक द्या, ज्यात आमच्या घरचं जेवण असेल."

तोवर ती दोन स्वयंपाक करत होती. नवऱ्यासाठी वेगळी पोळी, वेगळी भाजी. मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी नेहमीचं. आणि स्वतःसाठी? दोन्हीतलं जे उरेल ते. त्याच महिन्यात आमच्या गटानं रक्त तपासणीचं शिबिर घेतलं. तिचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं. घरात आजारी माणूस एक नव्हता, दोन होते. कागद मात्र एकालाच मिळाला होता.

मला सांगा, हा प्रश्न फक्त तिचा आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. आपल्या महाराष्ट्रात बायकांमध्ये ते ५४ टक्के. आणि २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. जी रांधते, तिच्याच अंगात रक्त नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की स्वयंपाक हे श्रमाचं आणि ज्ञानाचं काम आहे, आणि ते ज्ञान कुणाचं, कुणासाठी, कुणाच्या पैशानं आणि वेळानं, हे प्रश्न आपण विचारायलाच हवेत. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा रांधणं हे 'काम' आहे असंच त्या सांगत होत्या. आपण तोच धागा घराच्या आत न्यायचा आहे.

मी पुस्तकं शोधायला लागले. ग्रंथालयात गेले, जुन्या बाजारात गेले, मैत्रिणींच्या आयांची कपाटं उघडली. तिथं मला एक इतिहासच सापडला.

मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक म्हणजे 'सूपशास्त्र', १८७५ सालचं. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. म्हणजे रोज चुलीपुढे बसायच्या बायका, आणि शास्त्र लिहिलं पुरुषानं! मग १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. तुमच्यापैकी किती जणींच्या घरी ते होतं? बघा, निम्मे हात वर झाले. त्या पुस्तकानं एक मोठी गोष्ट केली. माप वाटीचं आणि चमच्याचं दिलं. शेर, छटाक, तोळा नाही आणि 'अंदाजाने' तर नाहीच. हे साधं वाटतं, पण विचार करा. 'अंदाज' हा सासूच्या हातात असायचा. नव्या सुनेला तो येत नसला की "आईनं काही शिकवलं नाही" हे ऐकावं लागायचं. पुस्तकातल्या वाटीनं तो अंदाज उघडा केला. चार घरं सोडून शहरात आलेल्या, शेजारीपाजारी कुणी नसलेल्या मुलीला ते पुस्तक म्हणजे न रागावणारी मावशी होतं. आपल्यातल्या काही जणी अशा पुस्तकांना हसतात. मी हसणार नाही.

पण त्या पुस्तकांच्या पानांवर कुणाचं स्वयंपाकघर आहे, हेही बघायला हवं. बहुतेक वेळा ते ओट्याचं, नळाचं, महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्या घराचं आहे. रोजच्या रोज पावशेर तेल आणणाऱ्या घराचं ते नाही. सुकटीची चटणी, वजडी, मुंडी-पाया, कण्या, हुलग्याचं माडगं हे तिथं क्वचित भेटतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आलं, मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याबद्दलचं. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं शर्मिला रेगे यांच्या पुढाकारानं दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास गोळा करून छापला. ही पुस्तकं वाचली की कळतं, पाककृती कुणाची छापली जाते आणि कुणाची 'तसलं खाणं' म्हणून बाहेर राहते, यात जात उघड बोलते. आणि आरोग्याचा प्रश्नही तिथंच आहे. 'सकस' म्हणजे शाकाहारी, 'सात्त्विक' म्हणजे आरोग्यदायी, असं गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक आपल्या अर्ध्या बायकांना काय सांगणार? एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम चांगली प्रथिनं असतात. सुकट-जवळा हे प्रथिनांचं आणि चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, पुडीत मिळणारं भांडार आहे. २०१५ मध्ये आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आणखी कडक झाला, तेव्हा अनेक गरीब घरांतलं स्वस्त मांस ताटातून गेलं. ते कशानं भरून काढायचं, यावर पाककृतींची पुस्तकं गप्प आहेत.

तर मग पुस्तक निवडायचं कसं? आणि आता नुसती पुस्तकं नाहीत, वस्तीतल्या प्रत्येक पोरीच्या हातात फोन आहे आणि त्यावर दिवसाला पन्नास पाककृती दिसतात. मी गटात वापरते त्या पाच कसोट्या सांगते. पुस्तकालाही लावा, फोनलाही लावा.

पहिली कसोटी, माप. तेल, मीठ आणि साखर यांचं माप स्पष्ट दिलंय का? 'तळणीसाठी तेल', 'चवीपुरती साखर' असं असेल तर सावध. दिलं असेल तर भागाकार करा. चार माणसांच्या भाजीला अर्धी वाटी तेल लिहिलंय. आपली वाटी दीडशे मिलिलिटरची धरली तर ते पाऊणशे मिलिलिटर, म्हणजे साधारण ६८ ग्रॅम. माणशी १७ ग्रॅम, एका भाजीत! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांच्या नमुना ताटात मोठ्या माणसाला दिवसभरात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम आहे. सोपा हिशोब हवा असेल तर महिन्याचा करा. रोज माणशी २५ ग्रॅम धरलं तर पाच माणसांच्या घरात महिन्याला पावणेचार किलो. आपल्या घरात किती येतं, ते आज घरी जाऊन बघा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं-पापड धरून.

दुसरी कसोटी, वेळ आणि इंधन. 'पंधरा मिनिटांत तयार' लिहिलेलं असतं, पण निवडणं, धुणं, चिरणं, वाटणं, भांडी घासणं हे त्यात धरलेलं नसतं. ते कुणाच्या खात्यावर? चांगलं पुस्तक आदल्या रात्री काय भिजवायचं तेही सांगतं. भिजवलेलं कडधान्य लवकर शिजतं आणि सिलिंडर चार दिवस जास्त पुरतो.

तिसरी, बाजार. सांगितलेल्या वस्तू आपल्या दुकानात, या हंगामात, आपल्या पैशात मिळतात का? नसतील तर बदल सुचवलाय का? ओट्सच्या जागी ज्वारीच्या कण्या चालतात, पण हे कुणीतरी सांगायला हवं ना!

चौथी, दावा. 'हा काढा प्या आणि साखर कायमची घालवा', 'सात दिवसांत रक्त वाढवा' असं जिथं लिहिलं असेल ते मिटून ठेवा. जेवणानं आजार आटोक्यात ठेवायला मदत होते. गोळ्या सोडायला सांगणारं पुस्तक आपलं नव्हे. रक्तक्षय असेल तर तपासणी आणि लोहाच्या गोळ्या हव्यातच. २०१८ पासून 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात त्या सरकारी दवाखान्यात मिळतात, मागून घ्या.

पाचवी कसोटी सगळ्यात शेवटी सांगते.

आता माहिती खात्रीची कुठून मिळवायची? पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं हा पहिला आधार. २०१७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नघटकांची नवी कोष्टकं काढली, त्यात ५२८ पदार्थ आहेत. कार्यकर्तीनं ती एकदा तरी चाळावीत, कारण आपल्या ओठांवर काही जुनी वाक्यं बसली आहेत. 'पोह्यांत भरपूर लोह' हे मीही कितीतरी मीटिंगांत सांगितलं. जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह लिहिलं होतं. नव्या कोष्टकात ते साडेचारच्या आसपास आहे. म्हणजे पोहे खाऊ नका असं नाही, पण पोह्यांच्या भरवशावर बाईला सोडू नका. आपण सांगतो ते तपासत राहणं, हाही कार्यकर्तीच्या कामाचाच भाग आहे.

जवळचा आधार म्हणजे अंगणवाडीताई, आशाताई, तालुक्याच्या आसपासचं कृषी विज्ञान केंद्र, गृहविज्ञान शिकवणारं महाविद्यालय. तिथल्या प्राध्यापिकांना बोलवा. त्या येतात, आपण बोलवत नाही एवढंच. आणि सगळ्यात मोठा आधार आपल्याच गटात बसलेला असतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान वाणांचं बियाणं जपलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पावसाच्या पहिल्या सरीनंतर टाकळा कधी खुडायचा, कुरडू किती कोवळी हवी, भारंगीचं पाणी का टाकायचं, हे आदिवासी बाईला माहीत आहे. तिला कुणी 'लेखिका' म्हणत नाही, एवढाच फरक.

विज्ञान आणि आजीचं ज्ञान पुष्कळदा एकाच ठिकाणी पोचतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधात तेवढ्याच वजनाला १२० च्या आसपास. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही. म्हणूनच मोड आणणं, आंबवणं या जुन्या रीती कामाच्या, त्यानं धान्यातले खनिजांना धरून ठेवणारे घटक कमी होतात. डाळीबरोबर भाकरी किंवा भात खाल्ला की दोन्हींतल्या प्रथिनांची उणीव एकमेकांनी भरून निघते. पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अधिक शोषलं जातं. जेवणाबरोबर किंवा लगेच चहा घेतला की कमी. आता आपल्या कष्टकरी बाया काय करतात? सकाळी उपाशी दोन कप चहा, दुपारी कामावर शिळी पोळी आणि पुन्हा चहा. नुसता चहा तासभर पुढे ढकलायचा, याला एक पैसा लागत नाही. लोखंडी तव्यावर, कढईत शिजवलं तर थोडं लोह तिथूनही मिळतं. नॉनस्टिक आल्यावर आपण ती कढई भंगारात दिली!

हे सगळं बोलून झाल्यावर त्या बाईचा प्रश्न उरलाच होता. 'आमच्या घरचं जेवण असेल असं पुस्तक.' तसं मला सापडलं नाही. मग गटानं ठरवलं, आपणच वही करायची. शंभर पानी, साधी. लिहिता येणाऱ्या दोघी लिहितील, बाकीच्या सांगतील.

पहिल्या महिन्यात काय झालं, ते प्रामाणिकपणे सांगते. वहीत पुरणपोळी आली, पनीरची भाजी आली, फोनवर पाहिलेला केक आला. 'चांगलं' म्हणून जे सांगायचं तेच. भाकरी-कालवण कुणी सांगेना. एक मावशी तर गप्पच. विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या खाण्यात काय लिहिण्यासारखं? नावं ठेवतील." चूक माझी होती. मी मीटिंगमध्ये 'रेसिपी सांगा' म्हटलं होतं. पुढच्या वेळी विचारलं, "पगार संपल्यावर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही काय करता?" मग जी माहिती आली, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. हुलग्याचं माडगं, घोळीची डाळभाजी, अंबाडी घालून कण्या, जवळ्याचं कालवण, शेवग्याच्या पाल्याची भाजी. त्या मावशींनी एकट्यांनी नऊ पदार्थ सांगितले. लिहून घेणारी मुलगी सवर्ण घरातली. ती लिहीत होती, मावशी "थांब, नीट लिही, आधी वाटण" म्हणून दटावत होत्या. मैत्रिणींनो, जातीबद्दल मी घेतलेल्या चार सत्रांत जे झालं नव्हतं, ते त्या दुपारी झालेलं मी पाहिलं.

प्रत्येक पानावर आम्ही काही गोष्टी ठरवून लिहितो : कुणी सांगितलं, किती माणसांसाठी, तेल किती, खर्च किती, वेळ किती आणि घरात मदत कुणी केली. या शेवटच्या प्रश्नाच्या पुढं सुरुवातीला सगळीकडे रेघ होती. आता काही पानांवर 'मुलानं शेंगा निवडल्या', 'नवऱ्यानं भाकरी थापायला घेतली, जमली नाही' असं दिसतं. न जमणं हीसुद्धा सुरुवातच!

आता ती पाचवी कसोटी. एकदा आम्ही एका पुस्तकातली पाककृती मोठ्यानं वाचत होतो. वर लिहिलं होतं, 'चार माणसांसाठी'. ती धुणीभांडी करणारी बाई म्हणाली, "सासूबाई, हे आणि दोन पोरं, झाली चार. आमच्यात पाचवी मी." कुणीच काही बोललं नाही. कारण प्रत्येकीनं मनात आपापलं घर मोजलं होतं. पुस्तकानं तिला वगळलं नव्हतं, माणसं मोजताना तीच स्वतःला वगळत आली होती, कारण तिला तसंच शिकवलं गेलं. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असते : 'करणारीच्या ताटात काय पडलं?' ही पाचवी कसोटी. कितीही सकस पाककृती असो, ती करणारीच्या ताटात पोचत नसेल तर ती अर्धीच आहे.

तिच्या घरचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. फार मोठं काही नाही. डॉक्टरांना विचारून घेतल्यावर दोन स्वयंपाक बंद झाले. आता सगळ्यांना एकच : ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, काकडी किंवा मुळा, आठवड्यातून दोनदा अंडी. भात सगळ्यांनाच बेताचा. नवऱ्याच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई अजून कुरकुरतात, की सून आमच्याबरोबर ताट घेऊन बसते. तिनं त्यांना सांगितलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं, आमच्या वहीनं सांगितलं होतं! लोहाच्या गोळ्या आणि जेवण दोन्ही चालू ठेवल्यावर पुढच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. अजून पुरेसं नाही.

तेव्हा आज घरी जाताना एवढंच करा. आपल्या गटात एक वही सुरू करा. पुस्तकं जरूर वाचा, ग्रंथालयातून आणा, एकमेकींना द्या, पण पाच कसोट्या लावून. आणि आज रात्री पीठ मळायला घ्याल तेव्हा माणसं मोजताना स्वतःपासून सुरुवात करा.